मज्जातंतूंचा निरोप

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘मज्जासंस्था’ हे प्रकरण आले की कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा उत्साह मावळतो, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. स्मृती, स्वप्ने, व्यक्तिमत्त्व हे विषय आवडीने ऐकणारी मुले सोडियम-पोटॅशियमचे नाव निघताच वह्या मिटू लागतात. “सर, हे सायन्सवाल्यांचं आहे, याला पर्यायी प्रश्न असतो ना?” असेही एखादा धीटपणे विचारतो. पर्यायी प्रश्न असतो, हे खरे. परंतु राग, लोभ, आठवण आणि वेदना ज्या वाटेने येतात-जातात, ती वाट एकदाही न पाहता मनाचा अभ्यास करणे म्हणजे नदीकाठी न जाता नदीवर निबंध लिहिण्यासारखे आहे. शिवाय हे प्रकरण केवळ परीक्षेपुरते नाही. आपल्याकडच्या वाडीवस्तीवर त्यातील ज्ञानाने एखाद्याचा जीवही वाचू शकतो. ते कसे, हे या लेखाच्या उत्तरार्धात सांगेन. प्रथम वाट पाहू.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत, असा अलीकडचा अंदाज आहे. प्रत्येक पेशीला एक मुख्य शरीर असते. त्याला झाडाच्या फांद्यांसारखे शाखातंतू फुटलेले असतात, आणि एक लांब धागा निघालेला असतो. या धाग्याला अक्षतंतू म्हणतात. शाखातंतू निरोप घेतात, अक्षतंतू तो पुढे नेतो. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा अक्षतंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो, पण त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. असे हजारो धागे एकत्र बांधले की आपण ज्याला ‘नस’ किंवा ‘शीर’ म्हणतो ती मज्जारज्जूची शाखा तयार होते.

निरोपाचा वेग

या धाग्यातून जाते तरी काय? इटलीतील बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी याने बेडकाच्या पायावर प्रयोग करून १७९१ साली सांगितले की प्राण्यांच्या शरीरात स्वतःची वीज असते. व्होल्टाने ते नाकारले. वीज बेडकात नसून त्याला लावलेल्या दोन धातूंत आहे, असे तो म्हणाला, आणि ते सिद्ध करण्याच्या खटपटीतूनच १८०० साली जगाला पहिली बॅटरी मिळाली. त्या वादात दोघांचेही थोडेथोडे खरे होते.

पुढे बराच काळ विद्वानांची समजूत अशी होती की हा निरोप विजेच्या किंवा प्रकाशाच्या वेगाने जात असावा. तो वेग कधी मोजता येणार नाही, असे योहानेस म्युलर या थोर शरीरशास्त्रज्ञाला वाटत असे. त्याचाच शिष्य हेल्महोल्ट्झ याने १८५० साली तो मोजून दाखवला. बेडकाच्या मज्जातंतूला त्याने एकदा स्नायूजवळ आणि एकदा दूर विजेचा झटका दिला. दूरच्या झटक्यानंतर स्नायू किंचित उशिरा आखडला. दोन अंतरांतील फरकाला दोन वेळांतील फरकाने भागले, तेव्हा उत्तर निघाले: सेकंदाला सुमारे २७ मीटर. म्हणजे ताशी शंभर किलोमीटरसुद्धा नव्हे! तारेतील विजेच्या वेगापुढे हे मुंगीचे चालणेच म्हणावे लागेल.

हा प्रयोग बेडकाशिवायही करता येतो. मी तो वर्गात दरवर्षी करवून घेतो. चाळीस विद्यार्थ्यांना वर्तुळात बसवावे. प्रत्येकाने डोळे मिटून शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवावा. आपला खांदा दाबला गेला की लगेच पुढच्याचा दाबावा. फेरी पुरी व्हायला किती वेळ लागतो तो घड्याळावर पाहावा. दोनचार फेऱ्यांत हात बसला की माणशी साधारण पाव सेकंद पडतो. मग खांद्याऐवजी घोटा दाबण्याची फेरी घ्यावी. आता निरोपाला घोट्यापासून मेंदूपर्यंत सुमारे एक मीटर अधिक चालावे लागते. निरोप सेकंदाला पन्नास मीटर जातो असे धरले, तर माणशी सेकंदाचा पन्नासावा भाग जादा, आणि चाळीस जणांचा मिळून जवळजवळ पाऊण सेकंद जादा लागेल. हा फरक साध्या घड्याळावरही दिसतो. बाहेरचे जग आपल्याला ‘तत्क्षणी’ कळते, हा समज त्या पाऊण सेकंदात गळून पडतो.

मिठाच्या पाण्याची बॅटरी

निरोप इतका सावकाश जातो, याचा अर्थ मज्जातंतू ही विजेची तार नव्हे. तारेत वीज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावते. मज्जातंतूत मात्र वीज आडवी जाते. आतून बाहेर आणि बाहेरून आत. हे समजण्यासाठी पेशीच्या पटलाकडे पाहावे लागेल.

पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे अतिशय पातळ पटल असते. त्याच्या दोन्ही बाजूंस खारट पाणीच असते, पण दोन्हीकडचे क्षार निरनिराळे. बाहेर सोडियम भरपूर, आत पोटॅशियम भरपूर. हे दोन्ही आयन धनभारित आहेत. पटलात प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. काही दारांतून केवळ सोडियम जातो, तर काहींतून केवळ पोटॅशियम. पेशी स्वस्थ असताना पोटॅशियमची काही दारे किलकिली असतात. आत गर्दी असल्याने पोटॅशियम बाहेर झिरपतो, आणि जाताना आपला धनभार घेऊन जातो. त्यामुळे आतली बाजू ऋणभारित होते. हा ऋणभार बाहेर निघालेल्या पोटॅशियमला मागे ओढू लागतो. ढकलणारी गर्दी आणि ओढणारा भार यांची जवळजवळ बरोबरी होते तेव्हा आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते.

सत्तर मिलिव्होल्ट म्हणजे फारच थोडे, असे वाटेल. साध्या विजेरीतला सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे वीसपट. पण पटल इतके पातळ आहे की हाच दाब दर सेंटिमीटरच्या हिशेबाने मांडला तर तो एक लाख व्होल्टच्या वर जातो. या तयारीसाठी पेशीला सतत मेहनत करावी लागते. पटलातील एक प्रथिन पंपासारखे काम करते. तीन सोडियम बाहेर फेकायचे आणि दोन पोटॅशियम आत घ्यायचे, असे त्याचे अव्याहत चालू असते. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ याने हा पंप १९५७ साली दाखवून दिला. मेंदूचे वजन शरीराच्या केवळ दोन टक्के. पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा त्याला लागते, आणि तिचा मोठा वाटा हे पंप चालवण्यात जातो. आपण नुसते बसलेले असतो तेव्हाही मेंदू आराम करीत नसतो, तो हे असे.

फटाक्यांची माळ

आता निरोप कसा निघतो ते पाहू. काही कारणाने पेशीच्या आतील ऋणभार थोडा कमी झाला, समजा ७० वरून ५५ मिलिव्होल्टपर्यंत आला. हा पेशीचा उंबरठा. सोडियमची दारे याच बदलाची वाट पाहत असतात. ती उघडतात, बाहेरचा सोडियम आत घुसतो. त्याच्या धनभारामुळे ऋणभार आणखी घटतो, म्हणून आणखी दारे उघडतात, आणखी सोडियम येतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत आतली बाजू ऋण न राहता तीसचाळीस मिलिव्होल्टने धन होते. तेवढ्यात सोडियमची दारे आपोआप अडकतात. पोटॅशियमची जादा दारे उघडून धनभार बाहेर जातो, आणि पेशी पूर्वस्थितीला येते. या क्षणिक उलथापालथीलाच मज्जावेग म्हणतात.

एका जागी आत आलेला धनभार शेजारच्या पटलाचा ऋणभार कमी करतो. तेथे उंबरठा ओलांडला जातो, तेथील दारे उघडतात. मग त्याच्या शेजारची. दिवाळीत फटाक्यांची माळ तडतडत जाते ना, तसेच हे. एक लवंगी दुसरीला पेटवते; वात पेटवणाऱ्याची आग शेवटच्या फटाक्यापर्यंत जात नाही, प्रत्येक फटाका आपल्याच दारूवर उडतो. म्हणून निरोप मीटरभर गेला तरी फिका पडत नाही. फरक एवढाच, की ही माळ क्षणात पुन्हा भरली जाते. नुकतीच उडालेली जागा किंचित काळ पुन्हा उडू शकत नाही, त्यामुळे निरोप मागे फिरत नाही.

हे सारे कळले ते माकूल या समुद्री प्राण्याच्या कृपेने. आपल्या कोकणातील मासळीबाजारात माकूल पुष्कळ मिळते. धोका दिसताच पाण्याची पिचकारी मागे सोडून ते निसटते. त्यासाठी त्याच्या अंगात एक अक्षतंतू असतो, अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीचा. म्हणजे आपल्या तंतूंच्या मानाने दोरखंडच. इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे १९३९ साली ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली या तरुणांनी त्या तंतूच्या आत बारीक तार घातली आणि आवेग जाताना आतली बाजू खरोखरच धन होते, हे प्रथम पाहिले. काही आठवड्यांतच महायुद्ध पेटले. दोघेही युद्धकार्यात गेले, आणि काम वर्षानुवर्षे पडून राहिले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा माकुलाकडे वळले. १९५२ साली त्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या ये-जा करण्याची गणिती समीकरणे मांडली. केंब्रिजचा संगणक त्या वेळी उपलब्ध नव्हता. हक्स्लीने हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर सुमारे तीन आठवडे आकडेमोड केली. आणि कागदावर उमटलेला आवेग प्रत्यक्ष आवेगाशी जुळला! १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना एकल्स यांच्यासह मिळाले. ज्या ‘दारां’ची त्यांनी कल्पना केली होती, त्यांतील एकेका दारातून जाणारा प्रवाह नेहर आणि झाकमान यांनी १९७६ साली मोजला.

जाड तंतू वापरून वेग वाढवणे माकुलाला परवडते. आपल्याला कोट्यवधी तंतू लागतात. ते सारे दोरखंडाएवढे केले तर माणूस डोके उचलू शकणार नाही. निसर्गाने येथे निराळी युक्ती केली. अक्षतंतूवर मायेलिन नावाचे चरबीचे वेष्टन गुंडाळले आणि मध्ये मध्ये उघड्या फटी ठेवल्या. आवेग एका फटीवरून दुसऱ्या फटीवर जणू उड्या मारीत जातो. त्यामुळे काही तंतूंत वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर पोचतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत मात्र तो सेकंदाला एखादा मीटर, म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाइतकाच राहतो. ठेच लागली की आधी चटकन एक तीव्र कळ येते आणि क्षणभराने मागाहून ठणका सुरू होतो, हे कोणी अनुभवले नाही? पहिली कळ वेष्टनाच्या वाटेने आलेली, ठणका पायवाटेने. हे वेष्टन बिघडले तर काय होते, ते २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसराने पाहिले. गुइलेन-बारे या विकाराची तेथे साथ आली. या विकारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर, बहुधा त्यांच्या वेष्टनावर, हल्ला करते. पाय उचलेनासे होतात. काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते.

सगळ्यांची भाषा एक

या आवेगाचा एक गुण मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावा. तो निघतो तर पुरा निघतो, नाहीतर निघतच नाही. हळू कुजबुज आणि मोठी आरोळी असा भेद एकेका आवेगात नसतो. मग हलका स्पर्श आणि जोराचा रट्टा यांतला फरक मेंदूला कळतो कसा? एड्रियन या इंग्रज संशोधकाने १९२० नंतरच्या दशकात दाखवले की उद्दीपक जोराचा असेल तर आवेग मोठे होत नाहीत, ते अधिक वेळा निघतात. संख्या हीच त्यांची तीव्रता.

त्याहून नवलाची गोष्ट अशी की डोळ्याच्या तंतूतील आवेग आणि कानाच्या तंतूतील आवेग यांत मूलतः काहीच भेद नाही. अंधारात डोळा मिटून बुबुळाच्या कडेला बोटाने हळूच दाब द्यावा. स्पर्शाचा परिणाम असूनही प्रकाशाची चकती दिसते. कारण त्या वाटेने काहीही आले तरी मेंदू त्याला ‘प्रकाश’च समजतो. सूर्योदय, आईची हाक, मोगऱ्याचा वास हे सारे आत शिरताना एकाच लिपीत लिहिले जाते, आणि त्याचा अर्थ कोणत्या वाटेने आले त्यावरून लागतो. त्या आवेगांचा ‘अनुभव’ कसा होतो, हा प्रश्न तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवर अजून उभाच आहे.

फटीपलीकडे

अक्षतंतूच्या टोकाला आल्यावर माळ संपते. पुढची पेशी त्याला चिकटलेली नसते, मध्ये अतिसूक्ष्म फट असते. या संधिस्थानाला शेरिंग्टनने १८९७ साली ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. फट ओलांडायची कशी? याचे उत्तर ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी याला स्वप्नात सापडले, अशी हकीकत त्याने स्वतः सांगितली आहे. पहिल्या रात्री त्याने स्वप्नातला प्रयोग कागदावर खरडला, पण सकाळी अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडताच तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदये त्याने क्षारद्रवात ठेवली. पहिल्याच्या मज्जातंतूला झटके देऊन त्याचे ठोके मंद केले, आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्यावर सोडला. दुसऱ्या हृदयाला तंतू जोडलेला नसूनही त्याचे ठोके मंद झाले. म्हणजे तंतूच्या टोकातून काही रसायन सुटले होते. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

हाताच्या स्नायूला आज्ञा जाते ती अशीच. आवेग टोकाशी पोचला की कॅल्शियमची दारे उघडतात, रसायनाच्या इवल्या पिशव्या फुटून ॲसिटिलकोलीन फटीत सांडते. पलीकडे स्नायूवर त्याचे ग्राहक असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते त्यांत बसते आणि स्नायू आखडतो. काम झाल्यावर एक विकर ते रसायन लगेच तोडून टाकते. नाहीतर आज्ञा थांबणारच नाही.

विषाचे कारस्थान

आता आरंभी म्हटलेल्या गोष्टीकडे येतो. निसर्गातील अनेक विषे नेमकी याच यंत्रणेवर घाव घालतात.

लाल विंचवाचे विष सोडियमची दारे वेळेवर मिटू देत नाही. त्यामुळे आवेगांचे वादळ उठते. रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. कोकणात यामुळे कितीतरी लेकरे दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हा त्रास म्हणजे मज्जासंस्थेचे वादळ आहे हे ओळखून प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध वापरले. त्यांचे निष्कर्ष १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. कीटकनाशकांतील ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गाची द्रव्ये ॲसिटिलकोलीन तोडणारे विकरच निकामी करतात. फवारणी करणारा घामाने निथळतो, लाळ गळते, स्नायू फडफडतात, श्वास कोंडतो.

नागाचे विष स्नायूवरील कुलपे अडवून बसते. मण्यारीचे विष तंतूंची टोकेच उद्ध्वस्त करते. मेंदू आज्ञा देतो, आवेग धावत येतो. पण फटीपलीकडे काही पोचत नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना जवळजवळ नसते, सूजही नसते. मग पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, घोट गिळवत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

एके वर्षी हा भाग शिकवून झाल्यावर डोंगराकडच्या वाडीवरून येणारी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, “सर, माझ्या काकांना मण्यार चावली होती. देवळात नेलं, मांत्रिकाला बोलावलं. पहाटे ते डोळे उघडेनात, बोलेनात. सगळ्यांना वाटलं, शुद्ध गेली. आम्ही त्यांच्या उशाशी बसून नको नको ते बोललो. तालुक्याला नेईपर्यंत ते गेले.” थोडे थांबून तिने विचारले, “तुम्ही आज सांगितलंत, विष स्नायूंवर चालतं, मेंदूवर नाही. मग सर, काका ऐकत होते का?”

मी तिला खोटे सांगितले नाही. श्वास पुरेसा चालू होता तोवर बहुधा त्यांना ऐकू येत असावे, असे म्हणालो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हे वाडीत सांगायला पाहिजे.”

तेच मी येथे सांगत आहे. सर्पदंश झालेल्या माणसाला एक क्षणही न दवडता रुग्णालयात न्यावे. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला चालवू नये. प्रतिसर्पविष रक्तातले विष निष्प्रभ करते. परंतु मण्यारीने एकदा मोडलेली टोके ते लगेच जोडून देऊ शकत नाही. म्हणून पापण्या जड होण्याआधी पोचणे महत्त्वाचे. उशीर झाला तरी आशा सोडू नये. कृत्रिम श्वास चालू ठेवला तर काही दिवसांत वा आठवड्यांत तंतूंना नवी टोके फुटतात आणि माणूस उठून बसतो. आणि तो हलत नाही, बोलत नाही, म्हणून त्याच्याजवळ रडारड करू नये. त्याचा हात हातात घ्यावा, कानाशी जाऊन, “घाबरू नका, आपण दवाखान्यात निघालोय,” असे सांगावे. उत्तर येणार नाही. पण आत निरोप पोचत असतो.